टक्क्यांनंतरचा रकाना

आपल्याकडे प्रवेश म्हटला की यादी आली. दहावीचा निकाल लागला की अकरावीची यादी, बारावीनंतर सीईटीची यादी. पहिली फेरी, दुसरी फेरी, आणि त्यात एका टक्क्याच्या शंभराव्या भागावरून कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. या पद्धतीत दोष अनेक असतील, पण ती विद्यार्थ्याला 'तू कोण?' असं कधी विचारत नाही. गुण दाखव आणि आत ये, एवढाच तिचा व्यवहार.

म्हणूनच बारावीनंतर एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज भरायला बसली की सगळं घर गोंधळून जातं. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. गेली पंधरा-सोळा वर्षं अशा अर्जांच्या वेळी मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येत असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सर, पंच्याण्णव टक्के आहेत. आणखी काय पाहिजे?' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : 'कुठली कुठली सर्टिफिकेटं गोळा करायची, तेवढं सांगा.' यातला पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र मुलांची दोन-दोन वर्षं आणि पालकांचे लाखो रुपये वाया जाताना मी पाहिले आहेत. आज बोलायचं आहे ते या दोन प्रश्नांबद्दल.

आधी एक गैरसमज दूर करू. 'गुणांच्या पलीकडचं' म्हणजे 'गुणांच्या ऐवजी' नव्हे. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची माहिती आपल्या संकेतस्थळावर देतात. तिच्यातल्या 'सी-७' या तक्त्यात, प्रवेश देताना आपण कशाला किती वजन देतो, हे कॉलेज स्वतःच सांगतं. अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलं जातं आणि विचारात घेतलं जात नाही, अशा चार पायऱ्या असतात. विद्यार्थ्याने शाळेत किती कठीण विषय घेतले आणि त्यांत त्याने काय मिळवलं, हे नामांकित कॉलेजांत बहुधा सगळ्यात वरच्या पायरीवर असतं. 'सॅट' परीक्षेचंही तसंच. करोनाच्या साथीत, २०२० पासून, अनेक कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती, पण एम.आय.टी.ने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि येल, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तसेच निर्णय जाहीर केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी सॅटचे गुण पाहतच नाही. याच तक्त्यात पुढे निबंध, शिफारसपत्रं, अभ्यासाबाहेरचे उद्योग, स्वभाव, समाजकार्य, नोकरीचा अनुभव अशा ओळी येतात. हा तक्ता फुकट पाहायला मिळतो. कुणा सल्लागाराला पैसे मोजण्यापूर्वी पालकांनी आपल्या मनातल्या पाच-सहा कॉलेजांचे तक्ते जरूर पाहावेत.

मग गुण चांगले असताना या बाकीच्या ओळी हव्यात कशाला? हार्वर्डकडे २०२४ सालच्या प्रवेशासाठी ५४ हजार अर्ज आले. प्रवेश मिळाला तो शंभरातल्या चौघांनाही नाही. ज्यांना नकार मिळाला त्यांतल्या कितीतरी मुलांचे गुण उत्तम होते. गुणांचा उंबरठा ओलांडून सगळेच अंगणात उभे आहेत. आता घरात कुणाला घ्यायचं, हे ठरवणाऱ्याला गुणपत्रिका फारशी मदत करत नाही. तो पुढचा रकाना वाचू लागतो.

या पद्धतीचा जन्म मात्र फारसा सोज्ज्वळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डचा प्रवेश बराचसा परीक्षेवरच ठरत असे. त्या परीक्षेत ज्यू स्थलांतरितांची मुलं भराभर उत्तीर्ण होऊ लागली आणि १९२० नंतरच्या काळात नव्या विद्यार्थ्यांत त्यांचं प्रमाण पाचांत एकाच्याही वर गेलं. तेव्हाचे अध्यक्ष लॉवेल यांना हे रुचलं नाही. १९२२ मध्ये त्यांनी ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव पुढे केला. त्यावर गदारोळ झाला आणि तो बारगळला. मग १९२६ मध्ये 'चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व' पाहण्याची पद्धत आली, अर्जासोबत छायाचित्र मागितलं जाऊ लागलं, आणि जे उघडपणे करता येत नव्हतं ते आडून झालं. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने 'द चोझन' या २००५ मधल्या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीनंतर याच पद्धतीचा उपयोग नेमका उलट कामासाठी, म्हणजे ज्यांना दारं बंद होती त्यांना आत आणण्यासाठी होऊ लागला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश हा निकष म्हणून वापरण्यास मनाई केली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, तर ते विचारात घेण्याची मुभा ठेवली.

हा इतिहास अशासाठी सांगितला, की 'संपूर्ण माणूस पाहून प्रवेश' हे शब्द ऐकायला गोड वाटले तरी पाहणाराही माणूसच असतो. त्याच्याकडे वेळ थोडा असतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे २०२४ साली पहिल्या वर्षासाठी सुमारे १ लाख ४६ हजार अर्ज आले होते. एवढ्या ढिगाऱ्यात तुमच्या अर्जाला मिळणारा वेळ मिनिटांतच मोजावा लागणार. त्या मिनिटांत वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो : या मुलाला जे उपलब्ध होतं, त्याचं त्याने काय केलं? अर्जातल्या साऱ्या रकान्यांना मिळून याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं.

हे रकाने प्रत्यक्षात कसे असतात ते पाहू. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून एक सामाईक अर्ज तयार केला, 'कॉमन अॅप्लिकेशन' नावाचा. आज हजारांहून अधिक कॉलेजं तो स्वीकारतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी १० जागा आहेत आणि प्रत्येक उद्योगाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मधल्या रिकाम्या जागा धरून. मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. एम.आय.टी.चा अर्ज वेगळा असतो. तिथे चारच उद्योग लिहायचे असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही वेगळा. तिथे आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तर द्यायचं असतं.

दहा जागा दिसल्या की त्या भरल्याच पाहिजेत असं आपल्याला वाटतं. मग धावपळ सुरू होते. एका रविवारी टेकडीवर झाडं लावली, एका शनिवारी अनाथाश्रमात फळं वाटली, आठवडाभराची ऑनलाइन 'इंटर्नशिप' पैसे भरून विकत घेतली, आणि प्रत्येक ठिकाणचा फोटो आणि प्रमाणपत्र फाइलमध्ये लागलं. पण त्याच अर्जात प्रत्येक उद्योगापुढे आणखी काही छोटे रकाने असतात, ते कुणी नीट पाहत नाही. हे काम आठवड्याला किती तास केलंस? वर्षातले किती आठवडे? कितवीत असताना? फाइल कितीही जाड असली तरी या छोट्या रकान्यांत सगळं उघडं पडतं. दहा ठिकाणी दोन-दोन तास घालवलेला मुलगा आणि एकाच कामाला तीन वर्षं चिकटून राहिलेला मुलगा यांतला फरक वाचणाऱ्याला एका नजरेत कळतो.

उलट, ज्यांच्याकडे खरंच लिहिण्यासारखं असतं ती मुलं ते लिहीतच नाहीत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी आला. अभ्यासात हुशार, बोलायला संकोची. उद्योगांचे दहाही रकाने कोरे. म्हणाला, 'सर, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. मला वेळच नसतो.' मी विचारलं, 'मग तुझा वेळ जातो कुठे?' तर वडिलांची पिठाची गिरणी होती आणि आठवीपासून रोज संध्याकाळी तीन तास तो गिरणीत बसत होता. मी म्हटलं, 'तिथे तू काय करतोस ते सांग.' हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. गर्दीच्या वेळी डबे बदलतात म्हणून त्याने डब्यांना नंबर घालायला सुरुवात केली होती. उपवासाच्या भाजणीत गव्हाचं पीठ येतं अशी बायकांची तक्रार असायची, म्हणून त्याने आठवड्यातला एक ठरावीक दिवस गिरणी आधी स्वच्छ करून फक्त उपवासाच्या दळणासाठी ठेवायला वडिलांना राजी केलं होतं. उधारीची वही त्याच्याकडेच होती, आणि कुणाकडे पैसे मागायचे नाहीत हेही त्याला ठाऊक होतं. 'हे सगळं लिही,' मी म्हटलं. 'पण सर, हे तर घरचं काम आहे,' तो म्हणाला.

घरचं काम हे कामच नव्हे, ही आपली समजूत. अर्जातल्या उद्योगांच्या प्रकारांत मात्र 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा प्रकार स्वतंत्रपणे दिलेला आहे. पगारी नोकरीचाही आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजारी आजीचं पाहणं, दुकानावर बसणं, शेतावर राबणं हे सगळं तिथे लिहिता येतं आणि लिहिलंच पाहिजे. कारण ते लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याला फक्त कोरे रकाने दिसतात आणि हा मुलगा रिकामा बसून होता असा त्याचा समज होतो. त्या विद्यार्थ्याला मोठ्या नावाच्या तिन्ही कॉलेजांनी नकार दिला. एका छोट्या कॉलेजने प्रवेश दिला आणि बहुतेक सगळा खर्चही उचलला. गिरणीमुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, तेवढी बातमी आपल्याला कधीच कळत नाही. पण गिरणीशिवाय तो अर्ज त्याचा झाला नसता, एवढं नक्की.

आता निबंधाबद्दल. शाळेत आपण निबंध शिकतो तो 'मी पाहिलेला सूर्योदय' किंवा 'विज्ञान : शाप की वरदान'. सुरुवातीला एका थोर पुरुषाचं वचन, शेवटी देशाचं उज्ज्वल भवितव्य. त्यात लिहिणारा कुठेच दिसत नाही, आणि दिसू नये असाच त्याचा साचा असतो. अमेरिकेतल्या अर्जाला नेमका तो लिहिणारा हवा असतो. इथे आपल्या मुलांना दुसरी अडचण येते, ती संस्कारांची. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई मारणं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. यावर मी मुलांना एकच उपाय सांगतो : विशेषणं काढ आणि माहिती ठेव. 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत' ही बढाई आहे. 'उपवासाच्या दळणासाठी वेगळा दिवस ठेवायला मी वडिलांना राजी केलं' ही माहिती आहे. नेतृत्व हा शब्द वाचणारा स्वतःच मनात म्हणेल.

विषय मोठा असावा लागत नाही. एक मुलगी चौदा प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आली होती. मी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, 'ज्याबद्दल तुला कुणी प्रमाणपत्र देणार नाही, असं तू काय करतेस?' ती लाजली. मग म्हणाली, की कॉलेजला जाताना शहर बसची जी वाट पाहावी लागते, तिच्या वेळा ती दोन वर्षं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत होती. वेळापत्रकातली वेळ आणि बस खरोखर आली ती वेळ. का, तर राग यायचा म्हणून. पुढे तिच्या लक्षात आलं, की उशीर कसाही होत नाही. त्यालाही एक रीत आहे. सोमवारचा वेगळा, पावसातला वेगळा. तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. चौदा प्रमाणपत्रांतलं एकही ते सांगत नव्हतं. वहीचं मागचं पान सांगत होतं.

तिसरी गोष्ट शिफारसपत्रांची, आणि यात दोष विद्यार्थ्यांपेक्षा आम्हा शिक्षकांच्या व्यवसायाचा अधिक आहे. आपल्याकडची कितीतरी शिफारसपत्रं 'प्रामाणिक, आज्ञाधारक, कष्टाळू' या तीन शब्दांवर संपतात. कधी कधी शिक्षकच म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' असं पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं, कारण पत्राची आणि निबंधाची भाषा एकच असते. म्हणून ज्या शिक्षकांचं नाव मोठं त्यांच्याकडे जाण्यापेक्षा ज्यांनी आपल्याला वर्गात चुकताना आणि सावरताना पाहिलं त्यांच्याकडे जावं. दोन महिने आधी जावं. 'तुमच्या तासाला अमुक शंका मी विचारली होती, तमुक प्रयोग मी तीनदा केला होता,' अशी चार ओळींची टाचणं त्यांना द्यावीत. पत्र त्यांचं त्यांनाच लिहू द्यावं.

हे सगळं ऐकल्यावर कुणाला वाटेल, की स्वतःची ओळख करून देणारा अर्ज ही अमेरिकेची नवी फॅशन आहे, आपला तिच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. १८८३ सालच्या जून महिन्यात अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं, तो एक प्रवेशअर्जच होता. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पूर्ण करत नसू, याची त्यांना कल्पना होती आणि ते त्यांनी लपवलं नाही. आपलं शिक्षण काय झालं आहे ते त्यांनी सांगितलं. मग, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इथवर आलो तो निश्चय शिक्षण पुरं करतानाही कामी येईल, असं मांडलं. आणि कशासाठी शिकायचं तेही सांगितलं : पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांसाठी. त्यांना प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. उणीव मोकळेपणाने सांगणं, केलेल्या गोष्टीचा पुरावा देणं आणि हेतू स्पष्ट ठेवणं, हे तिन्ही त्या पत्रात आहे. प्रमाणपत्र एकही नाही.

मोकळेपणाबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण आज खोटेपणा फार सोपा झाला आहे. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. श्रीमंत पालकांनी रिक सिंगर नावाच्या सल्लागाराला पैसे देऊन, जे खेळ मुलं कधी खेळलीच नव्हती त्यांतले खेळाडू म्हणून त्यांना प्रवेश मिळवून दिले होते. पालक तुरुंगात गेले. सल्लागाराला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याहून बोलका प्रसंग २००७ चा आहे. एम.आय.टी.च्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स या, मुलांनी अर्जासाठी जिवाचा आटापिटा करू नये, असं देशभर सांगत असत. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. त्या वर्षी असं उघड झालं, की २८ वर्षांपूर्वी नोकरीला लागताना त्यांनी स्वतःच नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. त्यांना पद सोडावं लागलं. आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं, हा 'कॉमन अॅप्लिकेशन'च्या नियमांनुसार गैरप्रकार आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, त्या यंत्राला गिरणीतला डब्यांचा नंबर कुठून माहीत असणार?

पैशाचीही एक गोष्ट पालकांनी डोळसपणे पाहावी. परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याला किती आर्थिक मदत लागेल हे न पाहणारी कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., अॅमहर्स्ट ही त्यांत येतात. २०२२ मध्ये डार्टमथही त्यांत आलं. बाकी बहुतेक ठिकाणी तुमची गरज जितकी मोठी तितका प्रवेश अवघड. त्यामुळे नकार आला म्हणजे मुलगा कमी पडला, असा अर्थ काढू नये आणि घरात तसं बोलूही नये. आपल्या देशातही आता सोनिपतच्या अशोका विद्यापीठासारख्या काही खासगी संस्था प्रवेशासाठी निबंध मागतात आणि मुलाखत घेतात. म्हणजे हा रकाना हळूहळू आपल्याही दारात येतो आहे.

शेवटी वेळेचा हिशेब. अमेरिकेतल्या लवकरच्या फेरीची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबरला आणि नेहमीच्या फेरीची १ जानेवारीच्या आसपास संपते. म्हणजे बारावीच्या सहामाही परीक्षेच्या धामधुमीतच हे काम येतं. म्हणून अकरावीच्या मे महिन्याच्या सुट्टीत सुरुवात करावी. एक साधी वही घ्यावी आणि मागच्या तीन वर्षांत आपला अभ्यासाबाहेरचा वेळ कुठे गेला, ते तासांसकट लिहून काढावं. कुणी सांगितलं म्हणून केलं त्यापुढे एक खूण, कुणी सांगितलं नसतानाही केलं त्यापुढे दुसरी खूण. दुसऱ्या खुणेच्या गोष्टी दोनच निघाल्या तरी चालतील. त्या आणखी वर्षभर करत राहाव्यात, जरा नीट, जरा खोलात जाऊन. आईवडिलांनी या वर्षात नवं सर्टिफिकेट आणून देण्याऐवजी ती वही एकदा वाचावी. आपलं मूल संध्याकाळी काय करतं हे त्यांनाही बहुधा तिथेच पहिल्यांदा कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)